माल मोजका, प्रदर्शनं अनेक : गोधडी शिवणाऱ्या एका गटाने कुठे जायचं ते कसं ठरवलं

पार्श्वभूमी

माणदेशातल्या एका गावातला हा गट. बचत गटातल्या नऊ जणी गोधड्या शिवतात. रोज सुई हातात धरणाऱ्या सात, उरलेल्या दोघी कापड जमवणं, धुणं आणि हिशेब बघतात. गावाचं आणि बायकांचं नाव इथे देत नाही, आकडेही गोल केले आहेत. बाकी सगळं घडलं तसंच आहे. गटाच्या वह्या तपासायला मी मदत करते, त्यामुळे हा निर्णय होताना मी बैठकांना हजर होते.

इथली गोधडी जुन्या सुती साड्यांची. चार-पाच साड्यांचे थर अंथरायचे, कडेने टाचायचे आणि बाहेरून आत चौकोनात धावदोरा घालत मधोमध यायचं. मशीनचा एकही टाका नाही. दुपारची जेवणं उरकून संध्याकाळच्या धारा काढायच्या वेळेपर्यंत बसलं, तर एका बाईला एका गोधडीला बारा-पंधरा दिवस लागतात. त्यात पेरणी, खुरपणी, लग्नसराई, दुखणीखुपणी धरली की दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत गटाकडे चाळीसच्या आसपास गोधड्या तयार होतात. शिवाय उरलेल्या तुकड्यांची बाळांची दुपटी. वर्षाचा विक्रीचा माल एवढाच. वेग वाढवायचा तर टाका मोठा घालावा लागतो, आणि गटातली सगळ्यात जुनी शिवणारी, जिला सगळ्या आक्का म्हणतात, ती मोठा टाका दिसला की सरळ उसवायला लावते.

अडचण

आधीच्या वर्षी गट तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या प्रदर्शनांत बसला होता. माणसं थांबायची, हात फिरवायची आणि म्हणायची, "आमची आई पण शिवते की." मग किंमत ऐकून पुढे जायची. ज्याच्या घरी अजून कोणीतरी गोधडी शिवतं, तो विकत का घेईल? दोन्ही ठिकाणी मिळून ज्या थोड्या गेल्या, त्या सगळ्या गाव सोडून शहरात राहणाऱ्या आणि सुट्टीला आलेल्या लोकांनी घेतल्या.

त्यावरून एवढं कळलं की लांब जावं लागणार. पण कुठे? हिवाळ्यात प्रदर्शनांची रांग लागते, प्रत्येकाबद्दल कोणीतरी सांगतं की तिथे "तुफान गर्दी असते". बैठकीत सुरुवातीला सगळी चर्चा याच एका गोष्टीभोवती फिरत होती. मला वाटतं, अशा गटांची पहिली फसगत इथेच होते. पापड-मसाले विकणाऱ्याला गर्दी हवी, कारण तो जास्त माल करून नेऊ शकतो. चाळीस गोधड्यांना पन्नास हजार माणसांची गर्दी मिळाली काय आणि पाच हजारांची मिळाली काय, विकायच्या चाळीसच. प्रश्न असा होता की त्याच चाळीस गोधड्या कुठे नेल्या तर त्यांची खरी किंमत देणारं आणि पुन्हा मागणी घालणारं गिऱ्हाईक भेटेल.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय पुण्याची भीमथडी जत्रा. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टतर्फे डिसेंबरात भरते. गावापासून सगळ्यात जवळ, एसटीने सकाळी निघून दुपारी पोचता येतं.

दुसरा, मुंबईतलं महालक्ष्मी सरस प्रदर्शन. राज्याच्या ग्रामविकास विभागाचं, गावोगावच्या बचत गटांसाठीच्या 'उमेद' अभियानातून निवडलेल्या गटांसाठी. स्टॉलचं भाडं नाही, राहण्याची सोय असते, आणि ते तीन दिवसांत आटोपत नाही, दोन आठवड्यांच्या आसपास चालतं. अडचण तारखांची. हे प्रदर्शन कधी डिसेंबरच्या शेवटी सुरू होतं, तर कधी थेट फेब्रुवारीत, त्यामुळे शेतीच्या कामांशी मेळ आधी घालता येत नाही.

तिसरा, हरियाणात फरिदाबादजवळ भरणारा सूरजकुंडचा मेळा. १९८७ पासून चालू आहे, फेब्रुवारीत असतो, देशभरातले कारागीर येतात. ओळखीच्या एका कारागिराने आपल्या जागेत थोडी जागा देतो म्हणून सांगितलं होतं.

चौथा, एका शहरातल्या हॉटेलच्या हॉलमधलं तीन दिवसांचं प्रदर्शन. आयोजकांचा फोन स्वतःहून आला. भाडं बारा हजार, आगाऊ भरायचं.

पाचवी गोष्ट पर्याय म्हणून नव्हे, पण मोठ्या उत्साहाने पुढे आली. गटाला मदत करणाऱ्या पुण्याच्या एका ताईंनी अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या आंतरराष्ट्रीय क्विल्ट महोत्सवाचे फोटो दाखवले. भिंतभर टांगलेल्या रजया, त्यांच्यासमोर टाके निरखत उभी असलेली माणसं. बायका कितीतरी वेळ ते फोटो मोठे करकरून बघत होत्या. "आपली पण लावा की तिथं," असं एकीने म्हटलं, तेव्हा कोणी हसलं नाही.

परदेशातल्या महोत्सवांचा वेगळा विचार

या मुद्द्यावर थोडं थांबते, कारण पुष्कळ हौशी शिवणाऱ्यांचा आणि गटांचा इथे गोंधळ होतो. ह्यूस्टनचा महोत्सव १९७० च्या दशकापासून चालतो. केंटकी राज्यातल्या पदुकाला अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीचा मेळा १९८५ पासून आहे, आणि तिथे क्विल्टचं स्वतंत्र संग्रहालयही आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅमला २००३ पासून ऑगस्टच्या सुमारास 'फेस्टिव्हल ऑफ क्विल्ट्स' होतो. आपल्याकडे चेन्नईत २०१९ साली इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल झाला. या ठिकाणांचा ढाचा आपल्या सरस-जत्रांपेक्षा पुरता वेगळा. तिथे येणारं माणूस बहुतेक स्वतःच क्विल्ट शिवणारं असतं. ते स्पर्धेतली कामं बघायला, वर्गात बसायला, आणि कापड, दोरे, सुया, मशीन विकत घ्यायला येतं. शिवून तयार असलेली रजई घ्यायला क्वचितच, कारण ती त्याला स्वतः करायची असते.

म्हणून ज्याला शिकायचंय, जगात काय चाललंय ते बघायचंय, आपलं काम परीक्षकांसमोर ठेवायचंय, त्याने अशा महोत्सवाला जावं, अगदी पैसे साठवून जावं. माल विकून गाठीला चार पैसे बांधायचेत त्याच्यासाठी ती जागा नाही. अमेरिकेत राहणाऱ्या आणि शिवणाची आवड असलेल्या मराठी मैत्रिणींना मी ह्यूस्टन किंवा पदुका नक्की सुचवीन. या गटाला नाही. आक्काच्या हातची एक गोधडी कधीतरी तिथे टांगलेली बघायला मला फार आवडेल, पण तो विषय वेगळा, त्याचे पैसे वेगळे, आणि तो त्या वर्षीच्या चाळीस गोधड्यांवर टाकणं बरोबर नव्हतं.

पहिला निर्णय : आधी रिकाम्या हाताने जाऊन बघायचं

गटाने सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही केली, असं माझं मत. भीमथडीला अर्ज करायच्या ऐवजी त्या वर्षी दोघींनी नुसतं बघायला जायचं ठरवलं. गटाची सचिव आणि तिची धाकटी जाऊ. काम एकच, कापडाच्या स्टॉलांजवळ उभं राहायचं आणि माणसं काय करतात ते बघायचं.

दोघी परत आल्या त्या भरपूर ऐवज घेऊन. संध्याकाळची गर्दी मांडे, थालीपीठ, मटण-भाकरीकडे जाते. कापड घेणारी माणसं दुपारच्या आत येतात, निवांत असतात आणि हातात पिशवी घेऊनच येतात. गोधडी उचलली की बाई ती आधी उलटी करते, मागचे टाके बघते. मग प्रश्न ठरलेले. साड्या वापरलेल्या आहेत की नव्या? मशीनमध्ये धुतली तर चालेल का? डबल बेडला पुरेल का? आणि सचिवाने वहीत अधोरेखित करून आणलेली गोष्ट अशी, की महागडी वस्तू घेणारं गिऱ्हाईक पहिल्या फेरीत घेत नाही. "घरी विचारून येते" म्हणतं. आपण ते टाळणं समजतो, पण शेजारच्या रजईवालीने तिला सांगितलं की त्यातली बरीच जणं शनिवार-रविवारी नवऱ्याला, सासूला घेऊन खरोखर परत येतात.

या एका निरीक्षणाने पुढचं सगळं गणित बदललं. दुसऱ्या फेरीत विकल्या जाणाऱ्या वस्तूला असं प्रदर्शन हवं ज्यात दुसरी फेरी मारायला वेळ असतो, म्हणजे मधे निदान दोन शनिवार-रविवार येतात.

दुसरा निर्णय : फुकट स्टॉल किती फुकट?

बैठकीत हिशेब फळ्यावर मांडला. एकेरी गोधडीची किंमत २,२०० रुपये. शिवणारीची मजुरी १,०००, कापड, दोरा, धुलाई २५०. गटाकडे उरतात ९५०. प्रदर्शनाचा खर्च या ९५० मधून निघाला पाहिजे, मजुरीला हात लावायचा नाही, असं आधीच ठरलं.

हॉटेलच्या हॉलचं भाडं १२,०००, प्रवास आणि लॉज ३,०००, दोघींचं तीन दिवसांचं जेवण आणि बुडणारी रोजंदारी मिळून ३,०००. एकूण १८,०००. खर्च निघायलाच १९ गोधड्या विकाव्या लागणार, तेही तीन दिवसांत.

मुंबईच्या स्टॉलला भाडं नाही, म्हणून सगळ्यांनी तो खर्च जवळजवळ शून्य धरला होता. पण दोन बायका तेरा दिवस घराबाहेर म्हणजे तीनशेच्या रोजाने ७,८०० रुपयांची बुडीत मजुरी. जेवणखाण ५,२००. माल आणि माणसं न्यायला-आणायला, मधे माणसं बदलायची हे धरून, ६,०००. एकूण १९,०००, म्हणजे २० गोधड्या.

दोन्ही आकडे जवळजवळ सारखे निघाले, तेव्हा बैठकीत शांतता पसरली. घरातल्या बाईचा दिवस हिशेबात धरायची आपल्याला सवयच नाही. तो धरला की कुठलंच प्रदर्शन फुकट राहत नाही. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो आणि प्रत्येक गटाने तो मांडावा असं वाटतं.

खर्च सारखाच, मग निवड कशावर करायची? मुंबईत तेरा दिवस होते, त्यात दोन शनिवार-रविवार. हॉटेलमध्ये तीन दिवस, परत येणाऱ्याला जागाच नाही. शिवाय हॉटेलवाल्या आयोजकांना सचिवाने फोनवर विचारलं की मागच्या वेळी हातशिवणाच्या वस्तू कोण घेऊन बसलं होतं, एखादा नंबर द्या. नंबर मिळाला नाही. "जागा भरत आल्यात, आजच पैसे टाका" एवढंच उत्तर पुन्हा पुन्हा आलं. तिथेच तो पर्याय संपला.

सूरजकुंडवर मात्र खूप वाद झाला. दिल्लीकडे फेब्रुवारीच्या सुरुवातीला थंडी असते, पांघरूण विकायला तो काळ चांगला. पण तिथे गोधडी जयपुरी रजई, बंगालचा कांथा आणि बिहारची सुजनी यांच्या शेजारी बसणार. जयपुरी रजई हलकी, छापील, पटकन डोळ्यात भरणारी. आपली गोधडी अडीच किलोची आणि तिचं मोल ज्याला कळतं तो मराठी माणूस तिथे विरळा. हे ऐकून धाकटी जाऊ म्हणाली, "मग त्यांना सांगायला नको का कुणी जाऊन?" तिचं म्हणणं मला पटलं होतं. शेवटी निर्णय शाळूने, म्हणजे रब्बीच्या ज्वारीने केला. फेब्रुवारीत शाळूची काढणी सुरू होते, आणि त्या दिवसांत घरातली दोन माणसं पंधरा दिवस बाहेर राहणं कुणालाच परवडणारं नव्हतं. त्या वर्षी सरस डिसेंबरअखेर लागलं होतं. तेव्हा शाळूवरची पाखरं राखायचं काम असतं, आणि ते पोरं आणि म्हातारी माणसं करतात.

ठरलं ते असं : अर्ज फक्त मुंबईचा. तालुक्याच्या 'उमेद' अभियान कक्षात, गावात अभियानाचं काम बघणाऱ्या सीआरपी ताईंमार्फत तो गेला आणि निवड झाली.

प्रत्यक्ष काय केलं

पुण्यात ऐकलेल्या प्रश्नांवर तयारी केली. प्रत्येक गोधडी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवली आणि तसं चिठ्ठीवर लिहिलं. साड्या वापरलेल्या आहेत हे लपवायचं नाही, उलट ठळक लिहायचं, हा आक्काचा आग्रह. "नव्या कापडाची गोधडी टोचती," हे तिचं साधं कारण.

तीस गोधड्या आणि चाळीस दुपटी नेली. दहा गोधड्या मागे ठेवल्या, कारण सगळा माल एकाच जागी न्यायचा नाही असं ठरलं होतं. स्लीपरच्या तिकिटावर माणशी चाळीस किलो सामान नेता येतं. गोधड्यांचेच पंचाहत्तर किलो भरले, म्हणून दुपटी एसटीने आधी एका नातेवाइकाकडे पाठवली आणि दोघी साताऱ्याहून महालक्ष्मी एक्सप्रेसने निघाल्या. सहा दिवसांनी दुसऱ्या दोघी आल्या, पहिल्या परत गेल्या. या बदलीमुळे प्रवासाचा खर्च वाढला, पण सलग तेरा दिवस घर सोडायला एकीच्याही घरून परवानगी मिळाली नसती.

पहिल्या आठवड्यात विक्री इतकी कमी की गावाकडे फोनवर रडारड झाली. दुसऱ्या शनिवारी चित्र पालटलं. आधी बघून गेलेली माणसं परत येऊ लागली.

त्यातल्या एक बाई, साठीच्या आसपास, रविवारी सकाळी कापडी पिशवी घेऊन आल्या. आत त्यांच्या आईच्या सात साड्या होत्या. आई जाऊन वर्ष झालं होतं, साड्या देववत नव्हत्या आणि नेसवतही नव्हत्या. आक्का तेव्हा स्टॉलवर होती. तिने एकेक साडी उजेडाला धरली, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणली. दोन साड्या घडीवर विरल्या होत्या, त्या आतल्या थरात जातील म्हणाली. एक नायलॉनची निघाली, ती परत दिली, दोरा धरत नाही म्हणून. इरकलीचा काठ कडेला लावायचा आणि जिचा पदर त्यांना सगळ्यात आठवतो ती साडी वर ठेवायची, असं दोघींनी मिळून ठरवलं. हे सगळं चालू असताना आजूबाजूला आठ-दहा बायका उभ्या राहून ऐकत होत्या. त्यातल्या तिघींनी त्याच दिवशी पत्ता लिहून घेतला.

निष्पत्ती

तेरा दिवसांत २१ गोधड्या आणि २४ दुपटी गेली. दुपट्यामागे दीडशे रुपये सुटतात. म्हणजे गोधड्यांचे १९,९५० आणि दुपट्यांचे ३,६००, त्यातून खर्चाचे १९,००० वजा जाता गटाच्या हाती साडेचार हजारांच्या आसपास राहिले. शिवणाऱ्यांची मजुरी पूर्ण मिळाली. नुसत्या विक्रीवर बघितलं तर तेरा दिवसांच्या खटाटोपाचं हे फार मोठं फळ नव्हे.

खरं हाती लागलं ते वेगळंच. लोकांनी आपल्या साड्या देऊन शिवून मागितलेल्या ११ ऑर्डरी. शिलाई १,८०० रुपये, मजुरी त्यातली १,२००. कापड गिऱ्हाइकाचं, त्यामुळे बोहारणीकडून साड्या घेण्याचा खर्च नाही, आधी शिवून साठा करायचा नाही आणि विकलं जाईल की नाही ही धाकधूक नाही. मोजक्या मालाची अडचण या कामाला लागूच होत नाही. जाताना गट गोधडी विकायला गेला होता, पण तिथे लोकांना आक्काचा हात आणि तिची पारख हवी होती, आणि हे कळायला स्टॉलवर शिवणारी बाई स्वतः बसलेली असावी लागली. विक्रीला बोलकी म्हणून दुसरी कुणी पाठवली असती, तर पिशवी उघडलीच गेली नसती.

वेगळं काय करता आलं असतं

डबल बेडची गोधडी गटाने फक्त एक नेली होती. पुण्यात तो प्रश्न ऐकूनही मोठ्या मापाच्या आणखी शिवायला वेळ उरला नव्हता. बघायला जायचं ते आदल्या हंगामात जायला हवं, म्हणजे त्यातून शिकलेलं शिवणात उतरतं.

पहिल्या आठवड्यात आक्का मुंबईत नव्हती, दुसऱ्या तुकडीत गेली. ती आधीपासून असती तर ऑर्डरी वाढल्या असत्या असं सचिवाचं मत आहे. मला तेवढी खात्री नाही. पहिल्या आठवड्यात बघून गेलेल्यांमुळेच दुसरा आठवडा तसा गेला. पण शिवणारी एक बाई दोन्ही तुकड्यांत हवी, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

पैसे घ्यायचा क्यूआर कोड एका सदस्येच्या वैयक्तिक खात्याचा होता. तिने पै न पै दिली, तरी हिशेब जुळवताना मनं दुखावली. आता गटाच्या खात्याचा कोड आहे. दोन ऑर्डरी आगाऊ रक्कम न घेता स्वीकारल्या गेल्या, त्यातल्या एकीचा फोन पुढे लागलाच नाही. गोधडी शिवून तयार आहे. दुसऱ्याच्या आईच्या साड्यांची गोधडी विकणार कुणाला? ती ट्रंकेत ठेवली आहे. आता निम्मी रक्कम आल्याशिवाय कापडाला कात्री लागत नाही.

भीमथडीसाठी गट यंदा अर्ज करणार आहे, पण माल कमी आणि शिवून दाखवणारी बाई सोबत, अशा बेताने. धाकटी जाऊ मात्र दिल्लीवर अडून आहे. तिने हस्तकला आयुक्तालयाच्या 'पहचान' ओळखपत्रासाठी अर्ज केलाय, कारण दिल्ली हाट या हस्तकलेच्या बाजारात कारागिरांना पंधरा दिवसांसाठी स्टॉल मिळतो आणि शाळूची काढणी टाळून तारीख मागता येईल असा तिचा हिशेब आहे. राज्याबाहेर विकायचं तर जीएसटीची कागदपत्रं काय लागतील ते विचारायचं काम सचिवाकडे दिलंय. पुढच्या बैठकीत हाच विषय आहे.